नवे मॉडेल आले, जुन्याचे काय?

आपल्याकडे कोणत्याही दुकानाची पावती हातात घ्या, तळाशी एक ओळ बहुधा सापडतेच : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कापड असो, कुकर असो, नाहीतर लॅपटॉप असो; ओळ तीच. छापलेले ते खरे, अशी आपली साधी समजूत असल्याने गिऱ्हाईक ती वाचते आणि गप्प बसते. वास्तविक या ओळीला आपण जेवढे वजन देतो तेवढे कायदा देत नाही. उलट काही प्रसंग असे असतात, की तेथे ‘कायदा आपल्या बाजूने असणारच’ असे गिऱ्हाईकाला ठामपणे वाटते आणि नेमका तेथेच तो नसतो. संगणकाच्या खरेदीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवाला येतात.

प्रश्न असा. आज मी दुकानातून लॅपटॉप घेतला. महिना-दोन महिन्यांत त्याच कंपनीने तेवढ्याच किमतीत अधिक वेगवान मॉडेल बाजारात आणले आणि माझ्या मॉडेलचा भाव पाच-सहा हजारांनी उतरला. अशा वेळी मला पैसे परत मागता येतील काय? निदान फरक? निदान बदली? उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण ते ‘नाही’ कोठून येते आणि कोठे कोठे त्याचे ‘होय’ होऊ शकते, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. कशेडी घाटात बाबांचे चहा-वड्याचे लहानसे हॉटेल आहे. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गाड्या तेथे थांबत, आणि त्या थांबण्यावरच आमच्या घराची चूल पेटे. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू वाहनांसाठी खुली झाली. गाड्या डोंगराच्या पोटातून परस्पर पलीकडे जाऊ लागल्या आणि आमची बाकडी रिकामी राहू लागली. (बोगदा हेही घाटाचे नवे मॉडेलच म्हणायचे! घाटात जागा घेऊन बसलेल्यांना त्याचा परतावा कोण देणार?) अशा दिवसांत आईने बचत गटाचे कर्ज काढून माझ्यासाठी महाडच्या एका दुकानातून ४४,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे लॅपटॉप म्हणजे चैन नव्हे एवढे तिने माझ्या शब्दावर मानले. ही जूनमधली गोष्ट. ऑगस्टमध्ये त्याच दुकानाच्या दारावर फलक लागला. त्याच कंपनीचे पुढचे मॉडेल ४४,००० ला, आणि आमचे ३७,५०० ला. साडेसहा हजार रुपये म्हणजे आमच्या गटाचे तीन हप्ते.

बाबा आणि मी दुकानात गेलो. दुकानदारांनी चहा मागवला, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, तुमचं म्हणणं कळतं हो मला. पण तुम्ही घेतलात तेव्हा भाव तोच होता. उद्या भाव वाढला असता, तर तुम्ही वरचे पैसे मला आणून दिले असते का?” बाबा स्वतः धंद्यातले. ते म्हणाले, “तेही खरंच, शेठ.” आम्ही उठलो. मला मात्र ते उत्तर पुरेसे वाटेना. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांशी बोलले, तेव्हा त्यांनी ‘आधी कायदा वाच, मग बोलू’ म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याची प्रत हाती दिली. पुढचे विवेचन त्या वाचनातून सुचलेले आहे.

दुकानदारांच्या प्रश्नामागे एक जुने तत्त्व आहे. आपल्याकडे वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्याचे सार असे, की ठरल्या किमतीला वस्तूची मालकी एकदा विकत घेणाऱ्याकडे गेली, की एरवी तिची पुढची जोखीमही त्याच्याकडे जाते. भाव चढला तर त्याचा, उतरला तर त्याचा. आपण घरासाठी तांदळाचे पोते घेतो आणि दिवाळीनंतर तांदूळ स्वस्त होतो, तेव्हा कोणी पोते घेऊन वाण्याकडे भांडायला जात नाही. संगणकही कायद्याच्या दृष्टीने तसेच एक पोते.

ग्राहक संरक्षण कायदा मग कशासाठी? पहिला कायदा १९८६ सालचा. त्या वर्षी २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली होती, हे महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. आता १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शक्ती, शुद्धता किंवा मानक यांत जे असायला हवे, मग ते कायद्याने असो, कराराने असो की विक्रेत्याने तसे सांगितल्यामुळे असो, त्यात उणीव असली तर तो दोष. अशी सदोष वस्तू पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि पावतीवर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचे नाकारणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. म्हणजे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ सदोष मालाला लावता येत नाही. पडद्यावर रेघा उठल्या, बॅटरी फुगली, आठ जीबी सांगून आत चारच निघाले, तर ती ओळ कितीही ठळक छापलेली असो, आपला हक्क शाबूत आहे.

पण आमच्या लॅपटॉपला काय झाले होते? काहीच नाही. जूनमध्ये तो जसा चालत होता तसाच ऑगस्टमध्येही चालत होता. बदलला होता तो बाजार. शेजारी अधिक चांगली वस्तू येऊन बसली म्हणून आधीची वस्तू सदोष होत नाही. कायद्याने ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यात दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक, किंमत असे शब्द आहेत. ‘पुढचे मॉडेल केव्हा येणार’ हा शब्द त्या यादीत नाही. ‘नवेपणा’ ही गोष्ट आपण वेगळी विकत घेतलेलीच नसते.

दोन ठिकाणी मात्र चित्र पालटते. जुना, वापरलेला किंवा दुरुस्त करून आणलेला माल नवा म्हणून विकला, तर ती सरळ अनुचित व्यापारी प्रथा आहे. कायद्यात तसे स्पष्ट नमूद केले आहे. दुसरे असे, की दुकानदाराने ‘हे कंपनीचे अगदी शेवटचे मॉडेल आहे, याच्या पुढचे आलेलेच नाही’ असे सांगितले आणि ते तेव्हाच खोटे होते, तर ते खोटे निवेदन झाले. येथे खोटेपणा विक्रीच्या दिवशी असावा लागतो. त्या दिवशी खरे असलेले विधान दोन महिन्यांनी शिळे झाले, म्हणून ते खोटे ठरत नाही. आणि तोंडी सांगितलेले सिद्ध करणे किती कठीण, हे सांगायला नकोच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक निरोप किंवा जाहिरातीचे कात्रण येथे दहा शपथांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

ऑनलाइन खरेदी केली असती तर? ई-व्यापाराचे नियम २०२० साली आले. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा दिलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. शिवाय परतीच्या आणि बदलीच्या अटी विक्रीआधी दाखवाव्या लागतात. ‘मन बदलले’ किंवा ‘नवे मॉडेल आले’ ही कारणे याही यादीत नाहीत. युरोपीय संघात २०१४ पासून ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. चीनमध्येही त्याच वर्षी, १५ मार्चपासून, ऑनलाइन खरेदीला सात दिवसांची तशीच मुभा मिळाली. आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही; एखादी कंपनी देते ती तिची सवलत. तरीही या परदेशी मुदतींनी आमचे काम झाले नसते. आमचा फरक पडला तो दोन महिन्यांनी.

येथपर्यंत दुकानदारांची बाजू बळकट दिसते. परंतु ‘भाव वाढला असता तर’ हा त्यांचा प्रश्न मला अजूनही पुरता न्याय्य वाटत नाही. कारण संगणकाच्या धंद्यात ‘प्राइस प्रोटेक्शन’ नावाची एक जुनी रीत आहे. कंपनी जेव्हा एखाद्या मॉडेलची किंमत उतरवते, तेव्हा घाऊक विक्रेत्यांकडे आणि पुष्कळदा दुकानदारांकडेही पडून असलेल्या मालावरचा फरक ती त्यांच्या खात्यावर जमा करते. तसे केले नाही तर किंमत उतरण्याच्या भीतीने कोणी माल भरून ठेवणारच नाही. म्हणजे या साखळीत भाव उतरण्याच्या जोखमीला टेकू द्यायची सोय आहे, पण ती अखेरच्या कडीपाशी, गिऱ्हाईकापाशी येऊन थांबते. कपाटात बंद असलेल्या खोक्याला संरक्षण. काल संध्याकाळी विकलेल्या खोक्याला नाही! धंदेवाईकाला जे लेखी मागून मिळते ते गिऱ्हाईकाला मिळत नाही, कारण धंदेवाईक ते मागतो. मला या विषयातले हेच मर्म वाटते.

कंपन्यांनाही गिऱ्हाईकाच्या या नाराजीची भीती असते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अ‍ॅडम ऑसबॉर्न. हा गृहस्थ इंग्रज. पण त्याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्याने देह ठेवला तोही कोडाईकनालला. १९८१ मध्ये त्याने ‘ऑसबॉर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो; म्हणजे ‘उचलून’ हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यायचा. खप जोरात सुरू असता १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची बातमी आधीच फुटली, गिऱ्हाईक थांबले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळे काढले. दिवाळ्याला इतरही कारणे होती, प्रतिस्पर्धी स्वस्त यंत्रे विकू लागले होते, असे काही अभ्यासक म्हणतात. तरी नव्याची वर्दी देऊन जुन्याचा खप मारण्याला ‘ऑसबॉर्न परिणाम’ हे नाव पडले ते पडलेच. कंपन्या पुढच्या मॉडेलबद्दल तोंड मिटून का असतात, याचे उत्तर यात आहे. त्यांचे मौन गिऱ्हाईकाच्या मुळावर येते. पण त्यांनी तोंड उघडले तर त्यांच्याच मुळावर येते.

हाच परिणाम आपण सर्वांनी २०२५ मध्ये पाहिला. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार असे पंतप्रधानांनी जाहीर केले, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी आणि एसी यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मधल्या पाच आठवड्यांत शहाणे गिऱ्हाईक थांबले. ज्यांना थांबता येत नव्हते त्यांनी जुना कर भरून गाडी घेतली. त्यांना फरक परत मिळाला नाही. संगणकावरचा १८ टक्के कर तर होता तेथेच राहिला.

मग कंपनी स्वतःहून काही देत नाही काय? देते, पण गरजेपुरते. अ‍ॅपलने २९ जून २००७ रोजी आयफोन विक्रीला काढला. त्याचे मोठे मॉडेल ५९९ डॉलरचे होते. ५ सप्टेंबरला, म्हणजे ६८ दिवसांत, त्याची किंमत ३९९ करण्यात आली. पहिल्या गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला, की दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र काढून त्यांना १०० डॉलरची खरेदी-सूट देऊ केली. लक्षात घ्या, फरक २०० चा, परतफेड १०० ची. आणि तीही रोख नव्हे, त्याच दुकानातल्या खरेदीसाठी. मायक्रोसॉफ्टने याहून शहाणपणाचा मार्ग धरला होता. विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये यायचे होते. तोवर लोक नवे संगणक घ्यायचे थांबतील हे ओळखून, २ जून २०१२ पासून विंडोज ७ चा संगणक घेणाऱ्याला पुढची आवृत्ती भारतात ६९९ रुपयांत देण्याचे वचन आधीच जाहीर केले. वचन विक्रीच्या आधी होते, म्हणून भांडण उद्भवले नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे सोपे, कारण त्याची आणखी एक प्रत काढायला खर्च जवळजवळ नाही. यंत्राचे तसे नाही. खोके उघडले, सील तुटले, हमीची मुदत सुरू झाली, की ते यंत्र दुसऱ्याला ‘नवे’ म्हणून विकता येत नाही. आणि विकले तर वर सांगितलेली अनुचित प्रथा होते. दुकानदाराची अडचण एवढी मात्र अगदी खरी आहे.

‘जुना द्या, नवा घ्या’ या योजनेला कित्येकजण बदली समजतात. ती बदली नव्हे. तीत दुकानदार आपली वस्तू वापरलेल्या मालाच्या भावाने विकत घेतो आणि नवी पूर्ण भावाने विकतो, एवढेच. आमच्या दोन महिन्यांच्या लॅपटॉपला या योजनेत २२,००० सांगण्यात आले. आम्ही दिला नाही. हा लेख त्याच्यावरच लिहिला आहे.

तेव्हा जे करायचे ते पैसे मोजण्यापूर्वी. खोक्यावर महिना आणि वर्ष छापणे वजन-मापाच्या नियमांनी बंधनकारक आहे. ते आधी वाचावे. खोके वर्ष-दीड वर्षापूर्वीचे असेल, तर पुढचे मॉडेल दारात उभे आहे असे खुशाल समजावे आणि त्या मानाने भाव पाडून मागावा. प्रोसेसरच्या आकड्यातही पिढी लपलेली असते. इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. आपल्यातील अनेक जण पनवेल-मुंबईहून वापरलेले लॅपटॉप आणतात, त्यांनी तर हे पाहायलाच हवे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र बारा हजारांत मिळाले, तरी ते या अर्थाने खरोखरीच जुने आहे. शेजारी नवे मॉडेल येणे वेगळे आणि आपल्या यंत्राला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे बंद होणे वेगळे. पहिल्याने जीव चुटपुटतो, दुसऱ्याने काम अडते.

आणि दुकानदाराकडे लेखी मागावे, जसे तो कंपनीकडे मागतो. माझ्या आतेभावाने यंदा महाडलाच लॅपटॉप घेतला, तेव्हा मी सोबत होते. तीन दुकानांनी नकार दिला. चौथ्याने थोडा विचार करून पावतीच्या पाठीमागे पेनाने लिहून दिले, की तीस दिवसांत हेच मॉडेल आमच्या दुकानात स्वस्त झाल्यास फरक परत देऊ. खाली सही आणि शिक्का. त्याला खर्च काही आला नाही, गिऱ्हाईक मात्र मिळाले. अशी ओळ लिहिली गेली, की ती कराराचा भाग होते आणि ती न पाळल्यास तक्रार करता येते. आपला जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, आणि कशेडीहून ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. पण १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला फोन करून पाहावा. काही तक्रारी तेथेच मिटतात. पावती मात्र लागते. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, तेव्हा ती मिळाल्याच दिवशी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवावी.